अंक कुणासाठी, कशासाठी? मुक्त सॉफ्टवेअरचं नियतकालिक काढणाऱ्या नव्या गटांसाठी

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, सॉफ्टवेअर फ्रीडम डे, सरला की आठवडाभरात कॉलेजातली दोन-चार लेकरं माझ्याकडं येतात. "मॅडम, आपल्या गटाचं मासिक काढू." नाव ठरलेलं असतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुखपृष्ठ तयार असतं. पहिल्या अंकात कोण काय लिहिणार याची यादी व्हॉट्सॲपवर फिरून झालेली असते. मी एकच विचारते, "कुणासाठी काढायचं?" उत्तर येतं, "सगळ्यांसाठी."

मी परभणीत कॉम्प्युटर शिकवते आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या (कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतं अशा सॉफ्टवेअरच्या) एका स्वयंसेवी गटात बरीच वर्षं काम करते. आमचा पहिला अंक असाच सगळ्यांसाठी होता. चाळीस पानं. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचं कर्नल (गाभा) स्वतः कसं बांधायचं यावर लेख, लिबरऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटचा तक्ता, गिंप या फोटो-चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका, तत्त्वज्ञानावर लांब संपादकीय, एक कविता. महिन्याभरानं विचारपूस केली, तर प्रत्येकानं आपापला लेख तेवढा वाचला होता. कर्नलवाल्या पोराला शॉर्टकटचा तक्ता नको होता. तक्ता हवा असलेल्या बाईंनी कर्नलचं पान बघून फाईल बंद केली होती. सहा जणांची दोन महिन्यांची मेहनत होती ती, आणि मला अजून तिचं वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते इथं क्रमानं सांगते.

पहिली पायरी: बैठक नंतर, आधी जाऊन बसा

वाचक कोण हे ठरवायला गटाची बैठक घेतली, की जो तो स्वतःसारखा वाचक सुचवतो. लिनक्सच्या चार डिस्ट्रो (आवृत्त्या) बदलून पाहिलेल्या मुलाला वाटतं, लोकांना डिस्ट्रोंची तुलना हवी आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी म्हणते, पायथनची मालिका हवी. दोघंही मनापासून बोलत असतात, पण खोलीबाहेरचं माणूस त्या खोलीत नसतं. म्हणून बैठकीआधी प्रत्येकानं एक ठिकाण वाटून घ्यावं आणि तिथं निदान अर्धा दिवस बसावं. आपल्याकडं अशा जागांची वाण नाही. तालुक्याच्या गावचं ऑनलाइन सेंटर, जिल्हा परिषद शाळेची कॉम्प्युटर लॅब, फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान, स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका, पॉलिटेक्निकचं वसतिगृह. ओळख काढून, परवानगी घेऊन बसा. शिकवायला जाऊ नका. माणूस कॉम्प्युटरसमोर काय करतं, कुठं अडतं आणि अडलं की कुणाला फोन लावतं, एवढंच वहीत लिहा. कुणाचं नाव, नंबर, कागद यातलं काही टिपू नका.

मी सेलूत एका ऑनलाइन सेंटरवर बसले होते. दुकान दहा बाय बाराचं. एक जुना डेस्कटॉप, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, मागं झेरॉक्सचं मशीन. चालवणारी बाई तिशीतली, एमएससीआयटी झालेली, टायपिंगची मराठी तीसची परीक्षा पास. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, भरतीचे फॉर्म, आणि जुलैत पीकविम्याची झुंबड. दिवसभरात तिनं मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, ही पीडीएफ दोनशे केबीत बसंना बघा. काय करावं?" आणि माझं उत्तर यायच्या आत तिनं नेहमीची वाट धरली. ब्राउझरमध्ये पीडीएफ लहान करून देणारी कुठलीशी वेबसाइट उघडली आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याचं आधार कार्ड तिच्यावर चढवलं. फाईल लहान होऊन आली, फॉर्म भरला गेला, पुढचं गिऱ्हाईक. संध्याकाळपर्यंत वीसेक माणसांची आधार कार्डं, बँक पासबुकं, दाखले त्या अनोळखी साइटवर गेले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसरी वाट तिला कुणी दाखवलीच नव्हती.

दुसरी वाट तिच्याच कॉम्प्युटरवर होती. लिबरऑफिस आधीच टाकलेलं होतं. त्यातल्या ड्रॉमध्ये पीडीएफ उघडायची, पुन्हा पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करताना जेपीईजीची गुणवत्ता कमी करायची, चित्रांचं रिझोल्यूशन दीडशे डीपीआयवर आणायचं. फाईल दुकानाबाहेर जात नाही. इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. फोटो पन्नास केबीत आणि सही वीस केबीत बसवायला गिंप आहे.

त्या एका दिवसानं आमच्या गटाला जे सांगितलं ते तीन बैठकांतून निघालं नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर स्वतःच्या ताब्यात चालतं, हे तत्त्व आम्ही संपादकीयात पानभर लिहायचो. तिथं ते आधार कार्डाच्या रूपानं टेबलावर पडलेलं होतं.

दुसरी पायरी: एका वाचकाचं एक पान

सगळे आपापल्या जागा पाहून आले की बैठक घ्या. प्रत्येकानं पाहिलेल्या माणसावरून वहीत एक पान लिहायचं. वय-शिक्षण एवढ्यानं काही कळत नाही. अंक बांधताना उपयोगी पडतात ते तपशील वेगळे असतात. कॉम्प्युटर स्वतःचा की दुकानाचा, रॅम किती, विंडोजचं कुठलं व्हर्जन. इंटरनेट वायफायचं की मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. मराठी टाइप करताना हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलाय, इनस्क्रिप्ट मांडणीवर, की रोमनमध्ये लिहून मराठी उमटवतो. वाचायला वेळ कधी मिळतो. फाईल फोनवर वाचणार की प्रिंट काढणार. अडल्यावर विचारायला जवळ कुणी आहे का.

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. शहरातल्या वसतिगृहातल्या पोराला शेजारच्या खोलीत कुणीतरी मिळतं. त्याला अर्धवट सूचना दिली तरी तो निभावून नेतो. तालुक्याच्या सेंटरवाल्या ताईला कुणी नाही. तिच्यासाठी लिहायचं तर एकही पायरी गाळून चालत नाही.

अशी पाच-सहा पानं भिंतीला चिकटवा आणि त्यातलं एक निवडा. आम्ही निवडलं तेव्हा दोन पानांवर गट अडला होता. एक सेंटरवाली ताई आणि दुसरे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, ज्यांच्या लॅबमधली यंत्रं विंडोज १० वर होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं गुरुजींचा प्रश्नही तातडीचा होता. पण विंडोजऐवजी लिनक्स घालायचं तर ते वेगळं विचारत होते. मराठी टाइप होईल का, लॅबचा जुना प्रिंटर चालेल का, यूडायसची, म्हणजे शाळेची सरकारी नोंदीतली, माहिती भरता येईल का, आणि लेकरांच्या हातून बिघडलं तर पुन्हा कोण बसवून देईल. शेवटचं उत्तर अंकातून देता येत नाही, त्याला माणूस जावं लागतं. म्हणून गुरुजींच्या शाळेत गटानं स्वतः जायचं ठरलं आणि अंक ताईसाठी राहिला. निवड करताना हेही बघा: या वाचकाची अडचण कागदावरच्या मजकुरानं सुटण्यासारखी आहे का?

तिसरी पायरी: वाचून झाल्यावर काय होईल ते एका वाक्यात

वाचक ठरला की हेतू आपोआप ठरतो असं नवख्यांना वाटतं. तसं होत नाही. सेंटरवाल्या ताईसाठीच चार प्रकारचे अंक निघू शकतात. तिला काम शिकवणारा, तिला गटात ओढणारा, गटानं काय केलं याची नोंद ठेवणारा आणि मुक्त सॉफ्टवेअरची बाजू पटवून देणारा. चारही हेतू चांगले आहेत. चारही एका अंकात समान मापानं भरले, की पुन्हा आमची चाळीस पानं तयार होतात.

आम्ही वापरतो ते वाक्य असं: "हा अंक वाचून अमुक माणूस, अमुक यंत्रावर, अमुक काम स्वतः करील." रिकाम्या जागा भरा. आमचं वाक्य असं भरलं गेलं: हा अंक वाचून तालुक्यातली सेंटर चालवणारी व्यक्ती आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाईकाची कागदपत्रं बाहेर न पाठवता तयार करील.

वाक्य लिहून झालं की त्याला दोनदा पारखा. पहिली पारख: हेच वाक्य कुठल्याही कॉम्प्युटर मासिकाला चालेल का? चालत असेल तर ते फार ढिलं आहे. "लोकांमध्ये तंत्रज्ञानाची जागृती करणे" हे असं वाक्य आहे. ते खोटं नाही, पण त्यावरून एकही लेख नाकारता येत नाही. दुसरी पारख नेमकी तीच: हातात आलेले पाच लेख त्या वाक्यासमोर ठेवा आणि कुठला परत करावा लागतो ते बघा. एकही परत जात नसेल तर वाक्य पुन्हा लिहा. आमच्याकडं पहिल्यांदा परत गेला तो माझाच लेख होता, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या इतिहासावरचा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तो जाहीर केला तिथपासून सगळं मी प्रेमानं लिहिलं होतं. ताईला त्यातलं काही करता येणार नव्हतं. पुढं कॉलेजातल्या व्याख्यानात तो कामी आला.

माणसं जोडायचा हेतू असेल तर वाचकच बदलतो, हे खास लक्षात ठेवा. त्या अंकाचा वाचक म्हणजे नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची मुलगी, जिला हाताला काही खरं काम हवं आहे. तिच्या अंकात प्रत्येक वेळी एक लहान काम असावं. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर चालतं, तिथल्या वीस वाक्यांचं मराठी करून बघ. मराठी फॉन्टमध्ये एखादं जोडाक्षर चुकीचं दिसलं तर त्याची तक्रार कशी नोंदवायची ते शीक. ताईला यातलं एकही वाक्य नको आहे. हे दोन अंक एका मुखपृष्ठात बांधायचा मोह आवरा.

दुसऱ्यांनी काय ठरवलं ते बघा

इथं थोडं थांबते, कारण हा प्रश्न मराठी नियतकालिकांना पहिल्या दिवसापासून सोडवावा लागला आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं तेव्हा पानावर दोन स्तंभ होते, एक मराठी आणि एक इंग्रजी. त्यांच्यासमोर दोन वाचक होते आणि त्यांनी ते पानावर उघड वेगळे मांडले. एकाच वाक्यात दोघांना गाठायची धडपड केली नाही.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक सुरू केलं. दलित साहित्याला आणि नव्यानं लिहू लागलेल्यांना हक्काची जागा देणं हा त्याचा हेतू होता. त्याचे लेखक-वाचक मेळावेही भरत. ज्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा लेखणी धरली त्यांच्यासाठी ते व्यासपीठ होतं. त्या कामाशी आपल्या कामाची बरोबरी करायची नाही. पण वाचक आणि लेखक एका जागी बसले की आजच्या वाचकातून उद्याचा लेखक तयार होतो, ही रीत मला तिथून घ्यावीशी वाटली. वर्षातून एकदा वाचकांना गटासमोर बसवायची पद्धत आम्ही त्यावरून सुरू केली.

आता सॉफ्टवेअरच्या जगातलं. 'फुल सर्कल' हे उबुंटू ही लिनक्सची डिस्ट्रो वापरणाऱ्यांचं मासिक २००७ पासून स्वयंसेवक काढतात. पीडीएफ फुकट मिळते. उबुंटूमागची कंपनी कॅनॉनिकल हिच्याशी आपला संबंध नाही, हे ते अंकातच सांगतात. म्हणजे आवाज कुणाचा, हेही त्यांनी ठरवून लिहून ठेवलं. तुमचा गट एखाद्या कॉलेजच्या किंवा क्लासच्या आधारानं चालत असेल तर हा प्रश्न तुम्हालाही आहे: अंक त्या संस्थेचा की गटाचा? पहिल्याच महिन्यात याचं उत्तर लिहून ठेवा.

'लिनक्स गॅझेट' या लिनक्सवरच्या नियतकालिकाची गोष्ट वेगळी आहे. जॉन फिस्क यांनी १९९५ मध्ये ते वेबवर सुरू केलं, पुढं ते एका प्रकाशन कंपनीकडं गेलं. २००३ मध्ये कंपनीनं महिन्याच्या अंकाऐवजी सतत भरत राहणारी साइट करायचं ठरवलं. संपादन करणारे स्वयंसेवक वेगळे झाले आणि काही काळ त्याच नावाची दोन गॅझेटं चालत होती. अंक म्हणजे ठरल्या वेळी निवडून बांधलेली वस्तू, की येईल ते टाकत जायची जागा, यावर मतं फुटली होती. तुमच्या गटात चारच माणसं असली तरी हे आधी बोलून घ्या.

चौथी पायरी: शेजारून वाचणारा वाचक

मुख्य वाचक एकच, पण दुसरे लोक अंक उघडणारच. गुरुजी उघडतील, कॉलेजातली पोरं उघडतील, गटातलेही वाचतील. त्यांच्यासाठी शेवटची दोन पानं ठेवायला हरकत नाही. त्या पानांवर ठळक लिहा की हे कुणासाठी आहे, म्हणजे ताई तिथं अडखळणार नाही. पुढच्या पानांत मात्र दुसऱ्या वाचकाची सोय बघून एकही वाक्य बदलू नका.

पाचवी पायरी: निर्णय पानावर उतरवा

वाचक आणि हेतू नीट ठरले असतील तर पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात. भाषेचं घ्या. फोल्डरला काय म्हणायचं यावर गटात दोन-दोन तास भांडणं होतात. ताई 'फोल्डर' म्हणते, तर 'फोल्डर' लिहायचं. तिच्या कॉम्प्युटरवर मेनू इंग्रजीत असेल तर मेनूची नावं तशीच, देवनागरीत लिहून द्यायची, म्हणजे तिला ती पडद्यावर सापडतील. तिच्यासाठीच्या अंकात मेनूचं शुद्ध मराठी भाषांतर केलं तर ती शोधत बसेल. लिबरऑफिस मराठीतून वापरणाऱ्यांसाठी अंक असेल तर मात्र उलट.

पानाचा आकार. आमची ताई अंक फोनवर बघते आणि उपयोगी वाटलं ते पान प्रिंट काढून भिंतीला लावते. म्हणून पान ए-फोरच, पण एक स्तंभ, अक्षर मोठं, आणि एक काम एका पानात संपलेलं. तिचा प्रिंटर काळा-पांढरा आहे. पहिल्या खेपेला आम्ही टर्मिनलचे (कमांड, म्हणजे यंत्राला द्यायचा हुकूम, टाइप करायच्या खिडकीचे) स्क्रीनशॉट काळ्या पार्श्वभूमीवर दिले होते. झेरॉक्समध्ये ते नुसते काळे चौकोन आले, अक्षर दिसेना आणि टोनर मात्र खर्च. तेव्हापासून टर्मिनलचा रंग पांढरा करूनच चित्र घेतो.

कमांड छापण्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथं नवखे गट हमखास फसतात. लिबरऑफिस रायटरमध्ये लेख लिहिताना ऑटोकरेक्ट, म्हणजे टाइप केलेलं आपोआप बदलणारी सोय, चालू असतं. दोन छोट्या आडव्या रेघा सलग टाइप केल्या की ते त्यांची एक लांब रेघ करतं, आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं. लेखात ते देखणं दिसतं. वाचक ती कमांड जशीच्या तशी टाइप करतो किंवा पीडीएफमधून उचलतो, आणि यंत्र चूक दाखवतं. त्याला वाटतं आपलंच चुकलं. एकट्या बसलेल्या माणसाचा धीर तिथंच सुटतो आणि पुन्हा तो अंकाकडं फिरकत नाही. आमच्या एका अंकात हे घडलं आणि कळायला दीड महिना लागला. म्हणून लेख लिहिताना ऑटोकरेक्ट बंद, कमांड एकसारख्या रुंदीच्या फॉन्टमध्ये, आणि तयार पीडीएफमधून कमांड उचलून दुसऱ्याच कुणीतरी चालवून पाहिल्याशिवाय अंक बाहेर जात नाही.

मराठीचा फॉन्ट युनिकोडचाच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारा, हवा. डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर आला तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. 'मुक्त' (Mukta), 'नोटो' (Noto) अशा मुक्त परवान्याच्या फॉन्टांत मराठी चांगलं दिसतं. मांडणीला स्क्रायबस वापरणार असाल तर नवं व्हर्जन घ्या, १.४ च्या मालिकेत देवनागरी जोडाक्षरं तुटायची. सहा-आठ पानांच्या अंकाला रायटरही पुरतो.

फाईल पाच एमबीच्या आत ठेवा, महिनाअखेरीस डेटा संपत आलेल्या माणसालाही ती उतरवता यावी.

अंक कधी काढायचा हेही वाचकाकडं आणि आपल्या माणसांकडं बघून ठरतं. मासिक म्हणायला छान वाटतं, पण आमच्यातले निम्मे स्वयंसेवक ऑक्टोबरात सोयाबीन काढायला गावी जातात, उरलेले परीक्षेत असतात. ताईला जुलैत श्वास घ्यायला वेळ नसतो. आम्ही त्रैमासिकावर आलो आणि एक अंक जूनच्या सुरुवातीला ठेवला. शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची आणि पीकविम्याची गर्दी उसळायच्या आत तो तिच्या हातात पडतो.

परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा घ्या, श्रेय देऊन त्याच अटीवर पुढं वाटता येईल असा. 'फुल सर्कल'ही त्याच प्रकारच्या परवान्यावर निघतं, त्यामुळं तिथल्या लेखाचं रीतसर श्रेय देऊन मराठी करता येतं. भाषांतर करताना आपला वाचक समोर ठेवा. तिकडच्या लेखात गृहीत धरलेलं वेगवान इंटरनेट सेलूत नसतं.

छापील अंक काढायचा असेल तर एक गोष्ट. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पिरिऑडिकल्स ॲक्ट, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. सार्वजनिक बातम्या आणि त्यांवरची मतं ठरावीक काळानं छापणाऱ्या प्रकाशनांना तो लागतो; शास्त्रीय, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची जर्नल त्याच्या व्याख्येतून वगळली आहेत. आपला अंक कुठं बसतो हे छापखान्यात जाण्याआधी वकिलाला दाखवून घ्या.

सहावी पायरी: शून्यावा अंक

'फुल सर्कल'नं पहिल्या अंकाआधी शून्य क्रमांकाचा अंक काढला होता. ती कल्पना उचला. आठ पानं, तीन लेख, बस. तो समूहात टाकू नका. पाच वाचकांकडं प्रिंट घेऊन जा आणि शेजारी बसा. "कसा वाटला?" असं विचारू नका. आपल्याकडं घरी आलेल्या माणसाला कुणी वाईट सांगत नाही, सगळे "छान आहे" म्हणून चहा मागवतात. "यातलं एक काम आत्ता करून दाखवता का?" असं विचारा आणि गप्प बसा. हात कुठल्या ओळीवर थांबतो, ती ओळ खुणावून ठेवा.

मी शून्यावा अंक घेऊन सेलूला गेले तेव्हा ताईनं पीडीएफ लहान करायचं पान समोर ठेवलं. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. आम्ही लिहिलं होतं, "रिझोल्यूशन योग्य तेवढं कमी करा." ती म्हणाली, "योग्य म्हणजे किती, ते लिवा की." आम्ही आकडा घातला. मग तिनं गिऱ्हाईकाच्या रांगेतच एक पासबुक त्या पद्धतीनं करून पाहिलं. पहिल्या वेळेला फाईल २४० केबी झाली, तिनं गुणवत्ता आणखी उतरवली, १८० वर आली. वेबसाइटपेक्षा अर्धा मिनिट जास्त लागला, असंही तिनं सांगितलं. तो अर्धा मिनिट का द्यायचा, हे तिच्या शब्दांत दोन ओळींत लिहिलं आणि त्या दोन ओळींनी आमचं पानभराचं संपादकीय काढून टाकलं.

पाचातल्या तिघांना जर काम जमलं नाही तर लेख बदला. पाचही जणांना ते काम नकोच असेल तर पहिल्या पायरीवर परत जा. हे मनाला लागतं, पण आठ पानांवर कळलेलं बरं.

सातवी पायरी: पान दोनवर लिहून ठेवा

मराठवाड्यातल्या गटाची एक अडचण पुण्यातल्या गटाला तितकी नसते. आमची पोरं शिकतात आणि जातात. अंक उभा करणारी मुलगी जूनमध्ये डिग्री घेते आणि ऑगस्टमध्ये रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघते. तिनं जावंच, तिच्या घराला त्या नोकरीची गरज असते. पण अंक कुणासाठी हे तिच्याच डोक्यात असेल तर तेही तिच्याबरोबर जातं, आणि नवे आलेले पुन्हा "सगळ्यांसाठी"पासून सुरू करतात. आमच्याकडं हे दोनदा झालं.

म्हणून हेतूचं वाक्य प्रत्येक अंकाच्या दुसऱ्या पानावर छापा. त्याखाली या अंकात काय येत नाही याच्या तीन-चार ओळी. आमच्या ओळी अशा आहेत: फोनची परीक्षणं नाहीत, चोरून उतरवलेलं सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते नाही, इंटरनेटशिवाय न चालणारी पद्धत मुख्य पानांत नाही, गटाच्या कार्यक्रमांचे फोटो नाहीत. शेवटच्या ओळीवर बरीच नाराजी झाली होती. फोटोंना आम्ही वर्षाअखेरीचं वेगळं पत्रक दिलं.

लेख मागवताना हेच पान लेखकाला आधी पाठवा. लेख परत करायची वेळ आली तर त्या पानाकडं बोट दाखवता येतं, माणूस दुखावत नाही. नव्या स्वयंसेवकाचं पहिलं काम लेख लिहिणं हे नसावं. त्यानं पान दोन वाचून एका सेंटरवर अर्धा दिवस बसून यावं आणि मग सांगावं, वाक्य अजून खरं आहे का.

वर्षातून एकदा, वाचक भेटतात त्या दिवशी, ते वाक्य मोठ्यानं वाचतो आणि बदलायचं का ते विचारतो. मागच्या खेपेला मानवतच्या एका सेंटरवाल्या दादांनी हात वर केला. "कागदपत्रं बारीक करायला शिकलो सर, पण गिऱ्हाईक गेल्यावर त्याचे कागद आमच्या कॉम्प्युटरवर तसेच पडून ऱ्हातात. ते कधी पुसायचे, कसे पुसायचे?" गटातल्या कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या पानावरच्या वाक्यात "तयार करील" याच्यापुढं आता "आणि काम झाल्यावर पुसून टाकील" एवढं वाढलं आहे. जूनच्या अंकातला पहिला लेख त्यावर आहे, आणि तो मानवतचे ते दादाच लिहीत आहेत.